किरणोपचाराचे नियोजन, मात्रा-काल आणि आपले कर्तव्य

मुख व कंठ यांच्या कर्करोगाचा रुग्ण आणि आयुर्वेदाचा चिकित्सक यांची गाठ सामान्यतः तीन वेळा पडते. तोंडातील व्रण बरा होत नाही म्हणून तो आपल्याकडे येतो, ही पहिली गाठ. कर्करोग रुग्णालयात किरणोपचार सुरू होऊन तीन आठवडे झाले, तोंड सोलवटले, घास गिळवेना आणि 'डॉक्टर, अंगातली उष्णता कमी होईल असे काहीतरी द्या' म्हणत नातेवाईक त्याला घेऊन येतात, ही दुसरी. उपचार संपून वर्ष-दोन वर्षे लोटली, रोगाचा मागमूस नाही, पण तोंडाला ओलावा नाही व जबडा उघडत नाही म्हणून तो पुन्हा येतो, ही तिसरी. पहिल्या व तिसऱ्या गाठीविषयी आपल्या परिसंवादांतून थोडेफार बोलले जाते. दुसरीविषयी मात्र आपण बहुधा मौन बाळगतो. वस्तुतः त्याच सहा-सात आठवड्यांत आपल्या हातून रुग्णाचे सर्वाधिक हित अथवा अहित घडण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेख त्या आठवड्यांविषयी आहे.

विषय दूरचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात ओठ व मुखगुहेच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण त्या एका वर्षात आढळले. भारतीय पुरुषांत हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. यांपैकी अनेकांच्या वाट्याला शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार येतात. घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगात तर पुष्कळदा शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार हीच मुख्य चिकित्सा असते. तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने असे रुग्ण पाहिले आहेत.

'शेक' हा शब्द आणि त्यातून होणारा गैरसमज

आपल्याकडे किरणोपचारास 'शेक देणे' किंवा 'लाइट घेणे' म्हणतात. शब्द रुळला आहे, परंतु तो दिशाभूल करतो. शेक म्हटले की उष्णता आली, उष्णता म्हटली की पित्तशामक योजना आली, आणि 'आज अंग फार तापले आहे, चार दिवस शेक थांबवा' हा सल्लाही त्यामागोमाग आला. अग्निकर्माशी तुलना करण्याचा मोह आपणा सर्वांना होतो. परंतु या किरणांनी ऊती भाजत नाही. किरणांमुळे पेशीच्या केंद्रकातील जनुकीय द्रव्याचे धागे तुटतात. निरोगी पेशी दोन मात्रांच्या मधल्या काळात ही मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करते. कर्करोगाच्या पेशीला ते तितकेसे साधत नाही. या फरकाचा लाभ घेण्यासाठीच एकूण मात्रा रोज थोडी थोडी विभागून दिली जाते.

मात्रेचे एकक ग्रे. शस्त्रक्रियेशिवाय केवळ किरणांनी रोग घालवायचा असेल तर प्रचलित पद्धत ३५ दिवसांत ७० ग्रे, म्हणजे रोज २ ग्रे, आठवड्यात ५ दिवस, एकूण ७ आठवडे अशी आहे. शस्त्रक्रियेनंतर द्यावयाचे असल्यास बहुधा ६० ग्रे, ६ आठवड्यांत. युक्ती ही मात्रा व काल यांच्या आश्रयाने राहते, हा चरकाचार्यांचा सिद्धांत आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. किरणोपचाराच्या नियोजनाकडे त्याच दृष्टीने पाहिले तर त्यातील बहुतेक गोष्टी आपणांस परक्या वाटणार नाहीत.

नियोजन कसे होते

मस्तक व ग्रीवा हा शरीराचा दाटीवाटीचा प्रदेश आहे. सुश्रुताचार्यांनी ओष्ठ, दंतमूल, दंत, जिव्हा, तालु, कंठ व सर्वसर अशा सात स्थानांत ६५ मुखरोग वर्णिले, यावरूनच या लहानशा जागेत किती रचना एकत्र नांदतात ते कळते. येथे रोगाला ७० ग्रे द्यावयाचे असतात. त्यापासून काही सेंटीमीटरवर मज्जारज्जू असतो. त्याच्यापर्यंत ४५ ते ५० ग्रेपेक्षा अधिक मात्रा जाऊ नये, असा दंडक आहे. बाजूलाच कानाखालची लाळग्रंथी असते. तिला मिळणारी सरासरी मात्रा सुमारे २६ ग्रेच्या खाली राहिली तर लाळ कालांतराने पुष्कळ अंशी परत येते, त्यापुढे गेली तर येण्याची आशा कमी. सत्तर, पन्नास व सव्वीस हे तीन आकडे एकाच मानेत सांभाळायचे, हेच नियोजनाचे कोडे आहे.

ते असे सोडविले जाते. प्रथम रुग्णाच्या चेहऱ्यावर व मानेवर गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा साचा बसवितात. तो थंड झाला की रुग्णाचा स्वतःचा मुखवटा तयार होतो. रोज त्याच मुखवट्यात, त्याच स्थितीत त्याला झोपवितात. मुखवटा घालूनच सीटी स्कॅन होतो. त्या स्कॅनच्या प्रत्येक छेदावर किरणोपचार तज्ज्ञ रोगाची सीमा आखतात, त्याभोवती सूक्ष्म प्रसाराची शक्यता असलेला भाग आखतात आणि रोजच्या हालचालीची चूक पोटात घेणारा काही मिलिमीटरचा काठ जोडतात. मज्जारज्जू, मेंदूचा देठ, लाळग्रंथी, स्वरयंत्र, जबड्याचे हाड, गिळण्याचे स्नायू हे वाचवावयाचे अवयवही एकेक करून रेखाटले जातात. आता हे रेखाटन करणारे संगणक-कार्यक्रमही आले आहेत. त्यामुळे काही तासांचे काम मिनिटांत होते, तथापि प्रत्येक रेषा तज्ज्ञाने तपासावीच लागते.

यानंतर वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ संगणकाला उद्दिष्टे सांगतो. रोगाला इतके मिळालेच पाहिजे, मज्जारज्जूला इतक्याहून अधिक नको, लाळग्रंथीला शक्य तितके कमी. प्रत्येक उद्दिष्टाला प्राधान्य ठरवून दिले जाते. संगणक अनेक दिशांनी येणाऱ्या किरणांचे बारीक बारीक तुकडे करून त्यांची तीव्रता पुनःपुन्हा बदलून पाहतो आणि उद्दिष्टांच्या अधिकाधिक जवळ जातो. या पद्धतीस आयएमआरटी म्हणजे तीव्रता-नियंत्रित किरणोपचार म्हणतात. सर्व उद्दिष्टे एकाच वेळी क्वचितच साधतात. रोग लाळग्रंथीला चिकटून असेल तर त्या बाजूची ग्रंथी सोडून द्यावी लागते. मज्जारज्जूच्या मर्यादेशी मात्र तडजोड होत नाही. काय राखावे व काय सोडावे, हा निर्णय अखेरीस तज्ज्ञाचा. रोगबल व रोगीबल यांचा विचार करून चिकित्सा ठरविणे म्हणतात ते हेच.

चांगल्या नियोजनाने काय साधते

हा सारा खटाटोप व्यर्थ नाही, याचे पुरावे उपलब्ध आहेत. टाटा स्मारक केंद्राने ६० रुग्णांवर केलेली तुलना २०१२ साली प्रसिद्ध झाली. आधीच्या त्रिमितीय पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्णांत लाळग्रंथींना मध्यम वा तीव्र इजा दिसली, आयएमआरटी घेतलेल्यांत ती ५९ टक्के होती. ब्रिटनमधील ९४ रुग्णांच्या २०११ सालच्या अभ्यासात वर्षभरानंतर तोंडाचा त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर नव्या पद्धतीत ३८ टक्के रुग्णांत आढळला. पुढे त्याच देशात व आयर्लंडमध्ये घशाच्या कर्करोगाच्या ११२ रुग्णांवर गिळण्याचे स्नायू वाचविणारे नियोजन करून पाहण्यात आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत वर्षानंतरची गिळण्याची क्षमता अशा रुग्णांत सरस होती.

याहून डोळे उघडणारा अभ्यास २०१० सालचा आहे. अनेक देशांतील केंद्रांत झालेल्या एका मोठ्या औषध-परीक्षणातील किरणोपचारांची नियोजने नंतर तज्ज्ञांनी तपासली. ज्या रुग्णांच्या नियोजनात गंभीर उणिवा होत्या, त्यांच्यापैकी दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्के होते. ज्यांचे नियोजन नियमानुसार होते त्यांच्यात ते ७० टक्के. ज्या नव्या औषधाच्या परीक्षणासाठी हा खटाटोप झाला, त्याने असा फरक पडला नव्हता. नियोजनाच्या गुणवत्तेने तो पडला. रुग्णाचा जीव कागदावरील त्या रेषांशी किती बांधलेला असतो, हे यावरून ध्यानी यावे.

यंत्राबाहेर मोडणारे नियोजन

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. नियोजन एका विशिष्ट शरीरासाठी, एका विशिष्ट कालावधीसाठी केलेले असते. ते रुग्णालयात बनते, परंतु मोडते बहुधा रुग्णाच्या घरी, गावी आणि कधी कधी आपल्या दवाखान्यात.

पहिला भंग कालाचा. उपचार सुरू होऊन साधारण चार आठवडे झाले की उरलेल्या कर्कपेशी अधिक वेगाने वाढू लागतात. म्हणून शेवटच्या आठवड्यांतील खंड विशेष घातक असतो. उपचाराचा एकूण काळ ठरल्यापेक्षा जितके दिवस लांबेल, त्या प्रत्येक दिवसामागे रोगावरील नियंत्रण एक ते दीड टक्क्याने घटते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सचा दंडक या रोगात दोन दिवसांहून अधिक विलंब होऊ नये असा आहे. याची दुसरी बाजूही सिद्ध झाली आहे. डेन्मार्कमध्ये आठवड्याला पाचऐवजी सहा वेळा किरण देऊन तीच मात्रा आठवडाभर आधी पूर्ण केली, तेव्हा पाच वर्षांचे स्थानिक नियंत्रण ६० वरून ७० टक्क्यांवर गेले. हा अभ्यास २००३ सालचा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांत केलेल्या परीक्षणातही २०१० साली हाच कल दिसला: ३० विरुद्ध ४२ टक्के.

आपल्याकडे खंड कशाने पडतो? गणपती, दिवाळी, पेरणी, घरातले लग्न, गाडीभाडे संपणे आणि तोंड आले म्हणून 'थोडे बरे वाटल्यावर जाऊ' ही कारणे. शेवटचे कारण आपल्या अखत्यारीतले आहे. चौथ्या आठवड्यातील तोंड आलेला रुग्ण समोर बसला की दया येते, आणि दयेपोटी 'आठ दिवस विश्रांती घ्या' असे शब्द निघून जातात. ते शब्द महाग पडतात. त्याऐवजी रुग्णाला त्याच दिवशी किरणोपचार विभागाकडे पाठवावे. वेदनाशामक, नळीवाटे अन्न, तोंडाची शुश्रूषा यांची योजना तेथे असते. पडलेला खंड भरून काढण्यासाठी शनिवारी अथवा सहा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा किरण देण्याची सोयही तेथेच होऊ शकते. हे रुग्णाला ठाऊक नसते, आपण सांगितले पाहिजे.

दुसरा भंग वजनाचा. मुखवटा पहिल्या दिवशीच्या चेहऱ्यावर बनविलेला असतो. रुग्ण आठ-दहा किलोने उतरला की तो सैल होतो, मान आत हलते, लाळग्रंथी आक्रसून आत सरकतात आणि मिलिमीटरमध्ये मोजलेली आखणी चुकू लागते. जी मात्रा रोगावर पडावयाची ती शेजारच्या अवयवावर पडते. मुखवटा सैल लागल्यास नवा मुखवटा, नवा स्कॅन व नवे नियोजन करावे लागते. अशा रुग्णाला लंघन, केवळ मुगाचे कढण, दूध वर्ज्य, तूप वर्ज्य असे पथ्य सांगणे अनुचित आहे. येथे बृंहणच हवे. पातळ केलेली पेज, दूध, तूप, मऊ भात, अंडे चालत असल्यास अंडे, जे गिळवेल ते थोडे थोडे आणि वारंवार. तिखट, आंबट, फार गरम टाळावे. आपल्या पथ्यकल्पनेतील मंड, पेया, विलेपी हा क्रम येथे फार उपयोगी आहे, मात्र त्यात स्निग्धता व प्रथिने भरपूर असावीत. दर आठवड्याला वजन नोंदवावे. वजनाचा काटा प्रत्येक दवाखान्यात असतो.

तिसरा भंग तंबाखूचा. कॅनडातील १९९३ सालच्या एका अभ्यासात किरणोपचार चालू असताना धूम्रपान सुरू ठेवलेल्यांत रोग पूर्ण विरघळण्याचे प्रमाण ४५ टक्के, तर न ओढणाऱ्यांत ७४ टक्के होते. दोन वर्षांनी जिवंत असणारे अनुक्रमे ३९ व ६६ टक्के. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण मिश्री घरोघर आहे आणि रुग्ण तिला व्यसन मानत नाही, दात घासणे मानतो. म्हणून 'तंबाखू खाता का' एवढेच विचारून भागत नाही, 'दात कशाने घासता' हेही विचारावे लागते. तांबूलसेवनाचे गुण सांगताना सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००३ साली ठरविले, हेही आपण सांगितले पाहिजे.

चौथा भंग लेपाचा. आधुनिक यंत्राचे किरण त्वचेवर कमी आणि त्वचेखाली अधिक मात्रा देतात. ६ मेगाव्होल्टच्या किरणांची कमाल मात्रा सुमारे दीड सेंटीमीटर खोलीवर पडते. त्यामुळे त्वचा बऱ्यापैकी बचावते. मानेवर चंदन, गेरू वा अन्य द्रव्यांचा जाड लेप ठेवून रुग्ण यंत्राखाली गेला तर तो थर पहिल्या थराचे काम करतो आणि अधिक मात्रा थेट त्वचेवर ओढून आणतो. त्वचेलाच मात्रा हवी असते तेव्हा भौतिकतज्ज्ञ असा थर मुद्दाम ठेवतात. हलक्या हाताने लावलेल्या पातळ स्निग्ध लेपाची भीती नाही, पण जाड लेप आणि धातुयुक्त मलम किरणांपूर्वी नको. रोज काय लावले जाते ते विभागाला कळविलेले असावे.

आपली औषधे: कोठे हो, कोठे थांबा

'म्हणजे आयुर्वेदाने हात बांधून बसावे काय?' हा प्रश्न काही वाचकांच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. हात बांधण्याचे कारण नाही. मध तोंडात धरून गिळण्याचा प्रयोग अनेक देशांत झाला आहे. मुखपाकाविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मस्तक-ग्रीवा कर्करोगाच्या किरणोपचारात मुखपाक टाळण्यासाठी मध सुचविला आहे. ब्रिटनमधील २०१२ च्या परीक्षणात मात्र मानुका मधाचा लाभ दिसला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. मधुमेही रुग्णांत साखरेकडे आणि सर्वांतच दातांच्या किडीकडे लक्ष ठेवावे लागते. हळदीच्या पाण्याने गुळण्या करण्याचा मंगळूर येथील ८० रुग्णांवरील अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पोव्हिडोन आयोडिनच्या तुलनेत मुखपाक उशिरा व सौम्य झाला. अभ्यास लहान आहे, तुलनेचे द्रव्यही आदर्श नव्हे, तथापि दिशा आशादायक आहे. कवल व गंडूष ही आपली स्वतःची कल्पना आहे. तिचे मोठे, काटेकोर परीक्षण आपल्या महाविद्यालयांनी एखाद्या कर्करोग केंद्राच्या सहकार्याने करावे, ही आजची निकड आहे.

पोटात द्यावयाच्या औषधांबाबत मात्र थांबून विचार केला पाहिजे. आपली अनेक रसायने आज 'अँटिऑक्सिडंट' म्हणून विकली जातात. किरण कर्कपेशीला मारतात ते बऱ्याच अंशी ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांद्वारे. मग त्या रूपांना निष्प्रभ करणारे द्रव्य मोठ्या मात्रेत दिले तर ते कोणाचे रक्षण करील? कॅनडातील क्वेबेक प्रांतात ५४० रुग्णांना ई जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन देऊन पाहिले गेले. २००५ सालच्या निष्कर्षांत ही दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचे तीव्र दुष्परिणाम कमी झाले, परंतु रोग त्याच जागी परतण्याचा कलही त्यांच्यात अधिक दिसला. २००८ साली अधिक बारकाईने पाहता, किरणोपचाराच्या काळात धूम्रपान करणाऱ्यांत या पूरक द्रव्यांमुळे रोग परतणे व मृत्यू वाढल्याचे आढळले. रुग्णाला बरे वाटते, तोंड कमी येते, वैद्याला यश आल्यासारखे वाटते, आणि आत रोगही सुरक्षित राहतो! हा धोका कल्पित नाही.

आमलकी, गुडूची, हरिद्रा यांना ई जीवनसत्त्वाचाच न्याय लागू होतो, असे माझे म्हणणे नाही. द्रव्य वेगळे, कल्पना वेगळी, मात्रा वेगळी. पण ज्या गुणासाठी आपण ती या रुग्णाला देऊ इच्छितो, त्याच गुणाची शंका असताना सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. आमटीतली हळद वेगळी आणि अर्काच्या रोज चार कॅप्सूल वेगळ्या. म्हणून किरणोपचाराच्या काळात सांद्र अर्क, रसायनकल्प व भस्मे सुरू करू नयेत, चालू असतील तर किरणोपचार तज्ज्ञाला लेखी कळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. किरणांसोबत सिस्प्लॅटिन दिले जात असेल तर वृक्कांवर आधीच ताण असतो. अशा वेळी रसकल्प देणे म्हणजे पुढे क्रिएटिनीन वाढले तर दोष कोणाचा, हे कोणालाच न कळण्याची व्यवस्था करणे होय.

औषधालयांच्या चालकांस

औषधालयाच्या मालकबंधूंनाही दोन शब्द. रुग्णाचा मुलगा बहुधा वैद्याकडे न जाता थेट दुकानात येतो आणि 'शेक चालू आहे, ताकदीचे काहीतरी द्या' म्हणतो. त्या क्षणी आपण चिकित्सक असता. 'कोणत्या रुग्णालयात, किती शेक झाले, सोबत सलाइन चालू आहे का' हे तीन प्रश्न विचारून त्याला उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे परत पाठविले तर एका बाटलीची विक्री जाईल, पण गावातला विश्वास राहील. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे. कर्करोग त्या कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे. स्थानिक बनावटीच्या काळ्या मंजनाचे डबे फळीवर ठेवण्यापूर्वी त्यांत काय आहे याची खातरजमा करावी.

उपचारापूर्वी आणि उपचारानंतर

तोंडातील जो व्रण, पांढरा वा लाल चट्टा किंवा गाठ दोन-तीन आठवड्यांत बरी होत नाही, तिचा तुकडा तपासण्यास पाठवावा. खदिरादि वटीचा दुसरा महिना सुरू करू नये. रोग लहान असता आखणीही लहान होते आणि लाळ, आवाज, गिळणे यांपैकी अधिक काही वाचते. नियोजनाचा पहिला लाभ असा आपल्याच हाती असतो.

किरणोपचार सुरू होण्यापूर्वी दातांची तपासणी झालीच पाहिजे. किडलेला दात काढावयाचा तर आधी, आणि जखम भरण्यास साधारण दोन आठवडे मिळावेत. किरण लागलेल्या जबड्यात नंतर दात उपटला तर हाड कुजण्याचा धोका असतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. पाच वर्षांपूर्वी 'शेक' घेतलेल्या माणसाला दातदुखीसाठी पाठविताना ही गोष्ट दंतवैद्याला चिठ्ठीत लिहून द्यावी. मानेवर किरण घेतलेल्या रुग्णाची थायरॉइड ग्रंथी पुढे मंदावू शकते. तो आळस, वजनवाढ, बद्धकोष्ठ घेऊन आपल्याकडे येतो. आमवृद्धी समजून दीपन-पाचन देण्यापूर्वी टीएसएच तपासावे. जबडा उघडण्याचे व गिळण्याचे व्यायाम, कोरड्या तोंडाची स्निग्ध शुश्रूषा, घट्ट झालेल्या मानेची काळजी यांत आपल्या शास्त्राला मोकळे मैदान आहे. या रुग्णांची काळजी वर्षानुवर्षे घ्यावी लागते, आणि गावात राहणारा वैद्य ती घेऊ शकतो.

काही सूचना

आपल्या संघटनेने पुढील गोष्टींचा विचार करावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

एक, किरणोपचार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पाच नोंदी असाव्यात: एकूण मात्रा, एकूण दिवस, उपचार संपण्याची ठरलेली तारीख, सोबतचे औषध आणि दर आठवड्याचे वजन. या नोंदी रुग्णाच्या फाइलमध्ये असतात, पाहण्याची सवय लावावी लागेल.

दोन, जिल्हा शाखांनी वर्षातून एकदा तरी किरणोपचार तज्ज्ञ व भौतिकतज्ज्ञ यांना बोलावून नियोजन संगणकाच्या पडद्यावर पाहावे. एकदा ती रंगीत मात्रारेषा मज्जारज्जूला वळसा घालून जाताना पाहिली की 'चार दिवस थांबा' हे शब्द पुन्हा सहज तोंडून निघणार नाहीत.

तीन, राहण्याच्या सोयीअभावी व पैशाअभावी उपचार सोडणाऱ्यांसाठी माहिती हाताशी ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. मुंबईत उपचार घेणाऱ्यांना दादरच्या श्री संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांचा आधार आहे. ही माहिती देणे हीदेखील चिकित्साच आहे.

चार, कर्करोग तज्ज्ञांनाही एक विनंती. 'कोणतेही देशी औषध घेऊ नका' एवढे सांगून रुग्ण थांबत नाही, तो फक्त सांगणे थांबवितो. आपण लिहिलेल्या चिठ्ठीला दोन ओळींचे उत्तर आले तर गुप्तपणे चाललेले औषध उघड होईल आणि त्यातून हित होईल ते रुग्णाचेच.

सात आठवड्यांचा हा काळ रुग्णाच्या आयुष्यात बहुधा एकदाच येतो. पुन्हा त्याच जागी पूर्ण मात्रा देता येणे कठीण असते, कारण मज्जारज्जूला दिलेली मात्रा शरीर सहजी विसरत नाही. नियोजन दुसऱ्याने केले म्हणून ते आपले नव्हे, असे समजू नये. मात्रा तेथे ठरते; काल राखण्याचे, वजन राखण्याचे आणि रुग्णाला शेवटच्या दिवसापर्यंत यंत्रापाशी पोहोचविण्याचे काम आपल्या गावात होते. ते आपण मनापासून करावे.

इत्यलम्.